तळ्यावर उभी केलेली गाडी

मी एक जुनी गाडी बोलतेय. माझं पुढचं झाकण उघडलंत तर इंजिनाच्या जागी तुम्हाला थेट खालचा बर्फ दिसेल. इंजिन काढलं, तेल काढलं, पेट्रोलची टाकीसुद्धा काढून नेली. चार चाकं, चार दारं आणि बसायच्या जागा तेवढ्या राहिल्यात. अशा अवस्थेत मला गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभं केलंय, आणि मी नेमकी कधी बुडते यावर सगळ्या गावाने तिकिटं काढली आहेत.

वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे, मिनेसोटाच्या उत्तरेला, हा खेळ जुना आहे. हिवाळा सहा महिने बसून असतो, माणसांनी करमणूक तरी कशाची करायची? माझं दुःख बुडण्याचं नाहीच. कोणत्या दिवशी बुडते याचं आहे.

जन्माची हकिगत थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझ्यासारख्याच शेकडो जणींबरोबर मी तयार झाले. माझ्या रंगाला कागदोपत्री कसलंसं भारदस्त नाव होतं. दुकानातल्या माणसाने ते दोनदा उच्चारून दाखवलं. गिऱ्हाइकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मळखाऊ ना?" ते गिऱ्हाईक म्हणजे मर्ल टॉलिफसन. मी त्याच दिवशी त्याच्या घरी गेले.

मर्ल लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याची बायको आर्डेल गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. दोघंही कमी बोलणारी. एकदा साठ मैलांच्या प्रवासात मी दोघांचे शब्द मोजले होते. अकरा भरले, त्यातले चार एका हरणाबद्दल होते. सुरुवातीला मला वाटायचं, यांचं भांडण झालंय.

मग हिवाळा आला आणि मला कळलं. उणे तीस अंशांच्या सकाळी मर्ल आर्डेलच्या दहा मिनिटं आधी बाहेर यायचा, मला चालू करायचा आणि स्वतःच्या जागेवर न बसता शेजारच्या जागेवर, म्हणजे तिच्या जागेवर, बसून राहायचा. घराचं दार वाजलं की लगबगीने इकडे सरकायचा. ती येऊन त्याच्या अंगाने ऊबदार झालेल्या जागेवर बसायची आणि म्हणायची, "आज फार नाही गारठा." तिला सगळं माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की तिला माहीत आहे. पण बोलेल तो टॉलिफसन कसला.

इथली माणसं निरोप घ्यायला लागली की मला पेट्रोलची काळजी लागायची, तेही सांगून टाकते. "चला, निघायला हवं" असं घरात म्हटलं, की दाराशी पंधरा मिनिटं, पायरीवर दहा, आणि मग माझी काच खाली करून आणखी वीस. तेवढ्या वेळात मुद्द्याचं कुणी काही बोलत नसे. अडचणीचं बोलणं टाळायला ही माणसं हवापाण्यावर तासभर बोलू शकतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यांच्याकडे बघून खरं वाटतं.

अशी वीस वर्षं गेली. एका सकाळी मर्ल मला घेऊन वखारीसमोर जाऊन थांबला. वखार बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तिथे आता कपडे धुवायचं दुकान होतं. तो दुपारपर्यंत वखार उघडायची वाट बघत माझ्यात बसून राहिला. आर्डेल शेजाऱ्याबरोबर शोधत आली. त्याच्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "सरक, आज मी चालवते." त्या दिवसापासून माझं स्टिअरिंगचं चाक तिच्या हातात आलं.

चार वर्षं तिने त्याला घरी सांभाळलं. मग तो हिवाळ्यात पायमोज्यांवर बाहेर जायला लागला, तेव्हा तळ्याकाठच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. घरापासून अकरा मैल. आर्डेल रोज दुपारी दोनला तिथे हजर. मर्लच्या खिडकीतून तळं दिसतं आणि तळ्याकाठचा रस्ताही दिसतो. लांबून मी येताना दिसले की तो उठून उभा राहायचा. इमारतीच्या कोपऱ्याशी वळून मी दिसेनाशी झाले की ओळखायचा, गाडी पोचली, आणि चालत पुढच्या दाराशी यायचा. आर्डेल पायऱ्या चढून येईपर्यंत त्याने दार उघडून धरलेलं असायचं. मग तो म्हणायचा, "आलीस?"

एवढंच. आत गेल्यावर पाच मिनिटांनी तो तिला नाव विचारायचा, किंवा खुर्ची देऊन पाहुण्यासारखं बसवायचा. पण दाराशी, मला येताना बघितल्यावर, त्याची बायको त्याला ठाऊक असायची. आर्डेल अकरा मैल जायची ती त्या एका शब्दासाठी. मला वाटायचं, मर्ल मला ओळखतो. थोडी मिजासही चढली होती. खरं तर तो माझ्यातून तिला ओळखत होता. मी म्हणजे तिच्याकडे जायची शेवटची वाट होते, आणि हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

डिसेंबरात मुलगी शहरातून आली. रेने तिचं नाव. चांगली आहे हो, कामाची, प्रेमळ. आर्डेलने त्या महिन्यात माझ्या धडकेने रस्त्याकडेच्या दोन टपालपेट्या पाडल्या होत्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत काहीतरी लिहून दिलं होतं. पण डोळ्यांचं नाव रेनेने काढलं नाही. ती म्हणाली, "आई, एकतीस तारखेच्या आत गाडी दान केलीस तर यंदाच्या करात सूट मिळेल. वर्षअखेरीला सगळे देतात. आता देण्यातच शहाणपण आहे."

"माझा असा कर तो किती," आर्डेल म्हणाली.

"तरी पण, आई."

मग दोघी कितीतरी वेळ कराबद्दल बोलत राहिल्या. दोघींनाही कळत होतं की विषय कराचा नाही. शेवटी आर्डेलनेच विचारलं, दान कुणाला द्यायची. गावात हिवाळ्यात गरजूंना घर तापवायचं तेल पोचवणारं मंडळ आहे, ते जुन्या गाड्या घेतं असं रेनेने सांगितलं. आर्डेलने मनाशी चित्र रंगवलं, की एखादी लेकुरवाळी बाई असेल, पोरांना शाळेत सोडायला तिला गाडी नसेल. ते चित्र तिला इतकं आवडलं की तिने दुसरा प्रश्नच विचारला नाही. दिलेल्या वस्तूचं काय करणार असं विचारणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात.

एकतीस डिसेंबरला सकाळी तिने मला पेट्रोल पंपावर नेलं आणि टाकी काठोकाठ भरली. रिकाम्या टाकीने कुणी गाडी देतं का? मग आतून झाडली, पुसली. मागे एक घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि चॉकलेटच्या दोन वड्या ठेवल्या, बर्फात अडकायची वेळ आलीच तर त्या लेकुरवाळीला उपयोगी पडाव्यात म्हणून. एका कागदावर लिहिलं, 'मागचं डावं दार किंचित उचलून लावावं, आपटू नये.' कागद तिने काचेपाशी खोचला, आणि माझ्या चाकावर हात ठेवून जराशी बसून राहिली. तो हात मला अजून आठवतो. त्याला कांद्याचा वास होता.

दुपारी मंडळाचा ड्वेन ट्रकला गाडी वाहून न्यायचा गाडा जोडून आला. पन्नाशीचा गडी, लहानपणी शाळेत आर्डेलच्या हातचं जेवलेला. मालकीच्या कागदावर सही झाली, पावती फाडली गेली, कारण त्याच दिवसाची तारीख पडायला हवी होती. मग कॉफी झाली, खजुराच्या वड्या झाल्या. ती त्या लेकुरवाळीबद्दल बोलत होती आणि ड्वेन वडीकडे बघत होता. आम्ही गाडीचा चांगला उपयोग करू, एवढंच तो म्हणाला. नंतर हवेबद्दल बोलला. त्याने एका वाक्यात सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

दोन आठवड्यांनी माझं इंजिन काढलं. पाणी घाण होऊ नये म्हणून झाकणाखालचं आणि तळाचं सगळं धुऊन कोरडं केलं. दारावर लाल रंगाने आकडा काढला, बुडाल्यावर ओढून काढता यावं म्हणून मागे लांब साखळी जोडली आणि मला तळ्यावर ओढत नेलं. माझ्या टपापासून किनाऱ्यावरच्या घड्याळापर्यंत एक तार आहे. मी खाली गेले की तार तुटणार, घड्याळ थांबणार, आणि ज्याच्या तिकिटावरची वेळ सगळ्यात जवळची, त्याला बक्षीस. उरलेल्या पैशांतून गरजूंच्या घरी तेल. हेतू चांगला आहे, मी नाही म्हणत नाही.

इकडे आर्डेलची दैना झाली होती. रेने परत शहरात गेली. शेजारी कधी सोडत, पण रोज कुणाला विचारायचं? मग ती तालुक्याच्या छोट्या बसने जायला लागली. ती बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, पोचते दोनला. मर्ल दाराशी यायचा थांबला. रस्त्यावरून मी येत नव्हते, तर तो कशाला उठेल? आर्डेल खोलीत जायची तेव्हा तो नम्रपणे म्हणायचा, "बसा ना बाई. कुणाकडे आलात?" तीन आठवडे तिला तो शब्द ऐकायला मिळाला नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ती त्याच्या खोलीत गेली तर तो खिडकीशी उभा होता, बोट दाखवत. तिने बाहेर बघितलं आणि बर्फावर तिला मी दिसले.

ती तशीच निघाली. शुश्रूषागृहात काम करणारी होदान तिचा दंड धरून बरोबर आली. होदान सोमालियातून आलेली, तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना काका आणि मावशी म्हणते. "मावशी, हळू, पडाल," असं म्हणत तिने आर्डेलला माझ्यापर्यंत आणलं. आर्डेलने दार उघडलं आणि चाकामागे बसली. मागे घोंगडी, मेणबत्ती, चॉकलेट जसंच्या तसं होतं. कागदही तिथेच होता. ड्वेनला ते काढायचा धीर झाला नव्हता.

त्याने लांबून बघितलं असावं. आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. उणे वीसमध्ये टोपी काढणं हे आमच्याकडे पाया पडण्यासारखंच आहे.

"ड्वेन," ती म्हणाली, "तू माझ्या घरी तीन वड्या खाल्ल्यास."

"हो."

"दोन वड्यांच्या मध्ये कुठेतरी सांगता आलं असतं."

"तुम्ही टाकी भरली होती, आर्डेलबाई. ते बघितलं आणि जीभच उचलली नाही." मग तो म्हणाला, "उद्या ओढून काढतो. सगळ्यांची तिकिटं परत करतो. इंजिनही परत बसवतो."

आर्डेल समोर बघत होती. तळ्यापलीकडे मर्लची खिडकी आणि त्यात तो ठिपक्याएवढा.

"नको," ती म्हणाली. "तो सकाळपासून तिथे उभा आहे. 'निघालीय, येईलच' म्हणतोय. खरं ना होदान?"

"खरं मावशी. जेवायलासुद्धा खुर्ची तिथेच ओढून घेतली."

"तीन आठवडे त्याने कुणाची वाट बघितली नव्हती," आर्डेल म्हणाली. "राहू दे इथेच. फक्त हिचं तोंड त्याच्याकडे कर. अशी पाठ फिरवून उभी राहिली तर निघून चालल्यासारखी दिसते."

ड्वेनने ट्रक आणला आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं. तेव्हापासून मी मर्लकडे येतेय. येतेय आणि पोचत नाही. तो वाट बघतो, खुशीत असतो, आणि त्याच्या शेजारी खुर्चीवर त्याची बायको पाहुणीसारखी बसलेली असते. एकदा ती काही बोलायला गेली तर त्याने सांगितलं, "जरा थांबा हं बाई, माझी माणसं येतायत."

फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या. पहिली छोटी. वाचनालयात कराचे कागद फुकट भरून देणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे आर्डेलने माझी पावती दिली. त्यांनी चष्मा पुसला, हवेबद्दल बोलले आणि मग सांगितलं की सरकार सगळ्यांना जी ठरावीक सूट देतं तीच तिला पुष्कळ आहे, वेगळ्या पावतीने काहीच फरक पडत नाही. हे तिने मला येऊन सांगितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसण्याचं पाणी कुठे संपलं ते मला कळलं नाही.

दुसरी गोष्ट अशी, की बर्फ चांगला दोन फूट जाड असताना ड्वेनने मर्लला ट्रकमधून माझ्याकडे आणलं. मर्ल उतरला, माझ्याभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून बघितला आणि सरळ चाकामागे जाऊन बसला. आर्डेल शेजारी बसली. किल्ली नव्हतीच. त्याने मनगट हवेत फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. मला काय वाटलं सांगू? इंजिन नसलेल्या छातीत काहीतरी चालू झालं. पाच वर्षांनी त्याचे हात माझ्या चाकावर होते.

"कुठे सोडू तुम्हाला?" त्याने विचारलं.

"वाटेत कुठेही. तुमची वाट वाकडी नको."

तो चालवायला लागला. आजूबाजूला बर्फाला भोकं पाडून मासे धरणारी माणसं बसली होती. प्रत्येकाकडे बघून तो चाकावरची दोन बोटं उचलायचा, आमच्या रस्त्यांवर समोरच्याला उचलतात तशी. आणि त्या भल्या माणसांनी एकेकाने बोटं उचलून उत्तर दिलं. कुणी हसलं नाही.

"बायको वाट बघत असेल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "उशीर झाला तरी बोलून दाखवत नाही. म्हणूनच जास्त लागतं."

"तिला चालतं हो."

"तुम्ही ओळखता तिला?"

"थोडीफार."

त्याने आणखी एकाला बोटं उचलून दाखवली. "मग एक निरोप द्याल? मला तोंडावर जमत नाही."

"सांगा ना."

"म्हणावं, बरं झालं."

"काय बरं झालं?"

"ती भेटली ते."

आर्डेल बाजूच्या काचेतून बाहेर बघत होती. "सांगते," ती म्हणाली. आमच्या भागात एवढं मोठं बोलणं मी माझ्या सबंध आयुष्यात ऐकलेलं नाही. मला हॉर्न वाजवावासा वाटला, पण बॅटरीही काढून नेली होती. परत जाताना त्याने होदानला विचारलं की त्या बाई कोण होत्या, फार सज्जन वाटल्या.

मार्चअखेर ऊन वाढलं आणि बर्फावर माणसांना यायला बंदी होणार असं जाहीर झालं. आदल्या दिवशी आर्डेल शेवटची आली. ड्वेन तिकिटांचं पुस्तक घेऊन बरोबर होता. तिने एक तिकीट मागितलं आणि त्यावर लिहिलं, शुक्रवार, दहा एप्रिल, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

"लवकर होतं जरा," ड्वेन म्हणाला. "जाणकार लोक महिन्याचा मध्य धरतायत. बक्षीस हवं तर..."

"बक्षीस कोणाला हवंय," ती म्हणाली, आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं, हवेबद्दल एक शब्द न बोलता. मी खिडकीतून दिसेनाशी झाले की मर्लला वाटायचं गाडी पोचली. तो उठायचा आणि दाराशी यायचा. मी बुडेन तेव्हाही तो तेच समजेल. उठेल, दाराशी येईल, दार उघडून धरेल. थंडी बाधते म्हणून पाच मिनिटांनी त्याला आत नेतात, आणि आत नेलं की तो विसरतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी बुडाले तर होदान फोन करणार आहे, शेजारी आणून सोडणार आहे, पण अकरा मैलांना वीस मिनिटं लागतात. "मंगळवारी किंवा शुक्रवारी, दोननंतर," आर्डेल म्हणाली. "तेव्हा मी तिथेच असते. तो खिडकीपासून हलला की मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि फिरून पायऱ्या चढायच्या. तेवढं चालता येतं मला."

ड्वेनने पुस्तक खिशात घातलं. या वेळी हवेचा विषय त्यानेही काढला नाही. तिने माझं मागचं डावं दार किंचित उचलून लावलं आणि दोघं काठाकडे गेली. त्यानंतर मला कुणाचा हात लागलेला नाही.

आज गुरुवार आहे, नऊ एप्रिल. बर्फ काळा पडलाय. माझ्या चाकांभोवती पाणी साचलंय आणि दुपारपासून खालून मधूनमधून तडतड ऐकू येते. पुढचं उजवं चाक बोटभर खचलं आहे. पलीकडे खिडकीत तो उभा आहे.

माणसांनो, तुम्ही कुणी मला सोडवायला येऊ नका, जीव जाईल. माझं मागणं तुमच्याकडे नाहीच, या बर्फाकडे आहे. बाबा रे, तू सबंध हिवाळा मला पेललंस, आणखी एक दिवस पेल. उद्या दोन वाजता बस येईल. ती उतरेल, आत जाईल, त्याच्या शेजारी पाहुणीसारखी बसेल. त्यानंतर तू कधीही हात सोड, मी हूं की चूं करणार नाही. मी खाली जाईन, आणि वर तो म्हणेल, "आलीस?"